खापरपणजोबांचा माग: तोटक्या नोंदी आणि घरातल्या आठवणी यांवरून हरवलेला पूर्वज कसा शोधावा

आपल्याकडे बहुतेक घरांतली वंशावळ पणजोबांपर्यंत बिनचूक सांगितली जाते आणि त्यांच्या वडिलांपाशी येऊन थांबते. त्या थांबलेल्या जागी एक माणूस असतो. त्याच्याविषयी नावाखेरीज एवढेच ठाऊक असते की तो ‘घाटावरून आला’, ‘भाऊबंदकीला कंटाळून रातोरात निघाला’ किंवा ‘दुष्काळात जगायला इकडे आला’. अशा माणसाला थेट त्याच्या नावाने शोधायला गेले तर तो सहसा सापडत नाही, कारण त्याच्या काळात सामान्य माणसाचे पूर्ण नाव लिहून ठेवण्याचे कारणच कोणाला नव्हते. सरकारने लिहिली ती जमीन, सारा, वतन, मृत्यू आणि वारस. म्हणून शोध घ्यायचा तो त्याच्या जमिनीचा, भावांचा, बायकोचा आणि मुलांचा. माणूस त्यांच्या आडून दिसू लागतो. पुढची पद्धत मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांना धरून सांगितली आहे. मराठवाडा, विदर्भ व गोवा येथील वेगळेपण त्या त्या ठिकाणी येईल.

घरातली आख्यायिका आधी फोडून घ्या

सर्वांत आधी घरातल्या व भावकीतल्या वयस्कर माणसांकडून गोष्ट ऐकावी आणि प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्र कागदावर, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. दोघांना एकत्र बसवून विचारू नये, कारण मोठा बोलतो आणि धाकटा मान डोलावतो. त्यातून साक्षीदार दोन दिसले तरी साक्ष एकच मिळते. सासरी गेलेल्या आत्या आणि त्यांच्या मुली यांच्याकडे आवर्जून जावे. गाव लहानपणी सुटल्यामुळे त्यांच्या आठवणीत पुढच्या काळातली भर पडलेली नसते, असा पुष्कळदा अनुभव येतो.

ऐकलेल्या गोष्टीचे मग तुकडे करावेत: कोण आले, कोठून आले, कोणासोबत आले, केव्हा आले, येथे आल्यावर कोणाच्या आश्रयाने राहिले. यांतला प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा असतो, कारण आख्यायिका सगळीच खरी किंवा सगळीच खोटी क्वचित असते. ‘आम्ही मूळचे तीन भाऊ, एक येथे राहिला, एक अमुक गावी गेला आणि एकाचा पत्ता नाही’ ही कथा इतक्या घरांत सांगितली जाते की तिच्यातल्या ‘तीन’वर भरवसा ठेवू नये. मात्र तिच्यात ज्या दुसऱ्या गावाचे नाव येते, ते फार मोलाचे असते. एखाद्या सरदाराशी किंवा गडाशी जोडलेला भाग शेवटी तपासावा. कोणत्या गावच्या देवाला नारळ जातो, हा भाग सर्वांत आधी तपासावा.

काळ ठरवण्यासाठी वयस्कर माणसांना सन विचारून उपयोग नसतो. त्यांना आपत्ती विचारावी. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६ पासूनचा प्लेग, १८९९-१९०० चा ‘छप्पनचा’ दुष्काळ (विक्रम संवत १९५६ वरून पडलेले नाव) आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जिला गावोगाव ‘मानमोडी’ म्हणत, या खुणा घरोघरी टिकल्या आहेत. ‘आजोबा रांगत होते तेव्हा त्यांचे वडील मानमोडीत गेले’ हे वाक्य हाती आले की १९१८-१९ हे मृत्यूचे साल आणि १९१७ च्या आसपासचा आजोबांचा जन्म, अशा दोन गोष्टी एकदम मिळतात. एक धोका लक्षात ठेवावा. दोन दुष्काळ पुढच्या पिढ्यांच्या बोलण्यात सहज एक होतात, त्यामुळे आपत्तीच्या नावासोबत त्या वेळी घरात कोण किती वर्षांचे होते तेही विचारावे.

याच बैठकीत कुलाचार लिहून घ्यावा: कुलदैवत, देवघरातले टाक, लग्नातले देवक, आणि सुतक कोणाकोणाचे धरतात. या शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. नाते काय ते कोणालाच सांगता येत नाही, पण ‘त्यांचे सुतक आपल्याला येते आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही’ असे एखादे घर चार कोसांवर असते. ते आपल्या भावकीची तुटलेली फांदी असण्याचा संभव मोठा, आणि आपल्या घरातून गेलेला कागद कदाचित त्यांच्या पेटीत असतो.

जमिनीचे कागद

नोंदींची वाट आपल्यापासून मागे चालत जायची असते. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. त्यांतला सर्वांत जुना क्रमांक घेऊन फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, काढावी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला आणि पुढे गावोगावी ही पुस्तके सुरू झाली, त्यामुळे पहिल्या फेरफारांत एकोणिसाव्या शतकात जन्मलेली माणसे मरताना भेटतात. स्कॅन केलेले जुने अभिलेख काही जिल्ह्यांसाठी ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. जे तेथे नाहीत त्यांच्या नकलेसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. अर्जात ‘सर्व जुने कागद’ असे मोघम मागू नये. गावाचे नाव, सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि शक्य तर साल घातले तर नक्कल मिळते, नाहीतर ‘अभिलेख आढळून आले नाहीत’ असे उत्तर मिळते, आणि अर्ज मोघम असेल तर त्या उत्तराला दोष देता येत नाही.

वारसाचा फेरफार कसा वाचावा हे एका नमुन्यावरून पाहू. समजा १९२७ सालच्या नोंदीत असा मजकूर आहे: ‘खातेदार रामजी बिन तुकाराम हे सुमारे आठ वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे १) गणू २) बाळू अ.पा.क. आई भागीरथी कोम रामजी. वर्दीवरून नोंद केली.’ एवढ्या दोन ओळींत सहा गोष्टी आहेत. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, त्यामुळे रामजीच्या वडिलांचे नाव मिळाले. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, त्यामुळे भागीरथी ही रामजीची पत्नी आणि ती १९२७ साली हयात होती. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अर्थात बाळू तेव्हा अठरा वर्षांचा झालेला नव्हता आणि त्याचा जन्म १९०९ च्या पुढचा. गणूपुढे ती अक्षरे नाहीत, म्हणजे तो सज्ञान आणि जन्म साधारण १९०९ च्या आधीचा. मृत्यू १९१९ च्या सुमाराचा, म्हणजे घरात मानमोडीची गोष्ट असेल तर ती येथे जुळते. सहावी गोष्ट अशी की रामजीच्या मृत्यूनंतर आठ वर्षे कोणी नोंद केलीच नव्हती. १९२७ साली ती का करावी लागली, हे पाहण्यासाठी त्याच्या पुढचेमागचे फेरफार वाचावेत. गहाण, खरेदी किंवा वाटणी तेथे हमखास सापडते आणि त्यात चुलत्यांची नावे असतात.

‘ए.कु.पु.’ म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी. हे लिहिलेले असेल तर खाते एकाच्या नावावर असले तरी मागे भाऊ होते असे समजावे. हीच नोंद पुष्कळ वंशावळींत गोंधळ घालते. थोरला तेवढा कागदावर राहतो आणि धाकट्यांची मुले पुढे थोरल्याची मुले म्हणून लिहिली जातात. गाव नमुना ६-क ही वारसांचीच नोंदवही असते, पण जुन्या काळची ती सर्वत्र टिकलेली नाही. त्याहून मागे जायचे तर शेतवार पत्रक, कडईपत्र, सूड, क-पत्रक, पाहणीपत्रक अशा नावांचे कागद मागावेत. यांतले काही भूमी अभिलेख कार्यालयात असतात आणि जुने बरेचसे मोडी लिपीत असतात.

मराठवाड्यात निजामाच्या राजवटीतले कागद उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे शेतसाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सनात, आहेत. तेथे खासरा पत्रक आणि कुळ नोंदवही यांपासून सुरुवात करून मागे जावे. विदर्भात हक्कनोंदणी व अधिकार अभिलेख यांची पद्धत वेगळी आहे, तेव्हा मुंबई इलाख्यातली नावे सांगून तेथे कागद मागू नयेत.

मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तेव्हा गावोगावचे हे जुने कागद उघडले गेले. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार स्कॅन चढवले गेले आहेत. आपला शोध जातीच्या दाखल्यासाठी नसला तरी ती पाने पाहावीत, कारण त्यांवर त्या काळच्या गावातली कितीतरी घरे एकाच ठिकाणी दिसतात.

कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्याकडे होती त्यांच्यासाठीही, गाव नमुना १४ हा फार कामाचा कागद आहे. याला लोक कोतवाल बुक म्हणतात. यात गावातले जन्म आणि मृत्यू जातीसह लिहिलेले असत. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असते. कारणे मोजकीच असतात: ताप, पटकी, देवी, आमांश. वय अंदाजाचे असते आणि ते चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असे गोल केलेले असते, म्हणून त्यावरून जन्मसाल काढताना दोन्ही बाजूंना पाचसात वर्षांची सूट ठेवावी.

जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, कारण वर्दी गेली तेव्हा बारसे झालेले नसे. बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. त्यामुळे आजोबांचे नाव घेऊन हे पुस्तक चाळणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो. बापाच्या नावाने सगळ्या नोंदी सलग दहा-पंधरा वर्षे उतरवून घ्याव्यात. मग भावंडांची उतरंड, मधली दगावलेली मुले आणि त्यातला आपला माणूस असे सगळे चित्र उभे राहते. एखाद्या साली त्या बापाच्या नोंदी एकाएकी थांबल्या तर कुटुंबाने गाव सोडले, बायको वारली किंवा तो स्वतः गेला, असे तीनच अर्थ निघतात, आणि तिन्ही तपासता येतात.

शाळेचे जनरल रजिस्टर पूर्वीच्या लोकल बोर्डाच्या व आताच्या जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत असते. काही शाळांची शंभरी केव्हाच उलटली आहे. त्यात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण असते. १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती गुरुजींनी प्रवेशासाठी घातलेली आहे असे खुशाल समजावे. कामाचे रकाने आधीच्या शाळेचे आणि जन्मगावाचे, कारण कुटुंब कोठून आले ते तेथे अनवधानाने लिहून जाते.

जनगणनेत नाव सापडेल अशी आशा अनेकांना असते. इंग्रजी अमदानीतल्या जनगणनांचे छापील अहवाल आहेत, पण घराघराची पत्रके जपलेली नाहीत, तेव्हा त्यामागे वेळ घालवू नये. पहिल्या महायुद्धात गेलेल्या माणसासाठी मात्र चांगले साधन आहे. सातारा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ‘या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतके मृत्यू पावले’ अशा मजकुराच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर नावे सहसा नसतात. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मिळतात आणि पुष्कळदा बापाचे नाव व गावही असते. इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐकलेले स्पेलिंग चारपाच तऱ्हांनी करून पाहावे.

क्षेत्रोपाध्ये आणि हेळवी

सरकारी कागद संपतात तेथे दोन परंपरा कामाला येतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, त्यांना नामावळ म्हणतात. तेथे जाण्याआधी आपले गाव, तालुका, आडनाव, जात आणि ठाऊक असेल तर मूळ गाव लिहून न्यावे, कारण वह्यांची वाटणी उपाध्यायांच्या घराण्यांत गावांनुसार आणि जातींनुसार असते. आपले उपाध्याय सापडल्यावर आधी सध्याच्या गावाने आणि नंतर मूळ गावाने वही पाहायला सांगावी. गाव सोडलेला माणूस क्षेत्री गेल्यावर पुष्कळदा जुन्याच गावाचे नाव सांगतो. आलेल्या यजमानाने स्वतः सांगितलेली किंवा स्वहस्ते लिहिलेली बाप, आजा, पणजा, भाऊ, मुले अशी नावे त्यात असतात आणि कधी बायकांचीही. अस्थिविसर्जनासाठी आल्याची नोंद असेल तर मृत्यूचा काळ मिळतो. फोटो काढू द्यायचे की नाही हे उपाध्यायांच्या इच्छेवर असते. ते नाही म्हणाले तर शांतपणे बसून अक्षर अन् अक्षर उतरवून घ्यावे, आणि दक्षिणा जाताना द्यावी.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात हेळवी येतात. काही वर्षांच्या अंतराने बैलावर बसून दारी येणारे, घराण्याची पिढीजात नावे म्हणून दाखवणारे आणि नव्या मुलांची नावे वहीत घालून धान्य-कापड घेऊन जाणारे हे लोक आता क्वचितच दिसतात. त्यांच्याकडची यादी अलीकडच्या पाचसहा पिढ्यांसाठी भरवशाची धरावी. त्यापलीकडे ती घराण्याच्या मूळपुरुषाच्या गौरवाकडे झुकते.

मोडी आणि सनावळी

अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकात जायचे तर मोडीला पर्याय नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि विरामचिन्हे नसतात, त्यामुळे नावे वाचताना वाचक आपल्या मनातले नाव कागदावर पाहतो. वाचन करून घेताना वाचणाऱ्याला आपला पूर्वज कोण हे आधी सांगू नये, आणि नावांच्या ओळी दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्याव्यात.

तारखांसाठी थोडी आकडेमोड यावी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे. कागदावर संवत्सराचे नाव असेल तर पडताळा घेता येतो: शकात १२ मिळवून ६० ने भागावे, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हा सन मृगापासून सुरू होतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ मध्ये झाली, तेव्हा हाच सन चालू होता. शक १६८२, आणि त्यात १२ मिळवून ६० ने भागले तर बाकी १४, म्हणजे चौदावे, ‘विक्रम’ नावाचे संवत्सर. तारीख ‘छ’ या अक्षराने सुरू होत असेल तर ती चंद्राची, म्हणजे मुसलमानी महिन्याची आहे. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवावेत आणि त्या वर्षाच्या जानेवारीपासूनच्या भागासाठी ५९१.

घराकडे पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण, महारकी असे कोणतेही वतन किंवा इनाम असेल तर पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, जाणे सार्थकी लागते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांकडून कैफियती, म्हणजे लेखी निवेदने, घेतल्या गेल्या. हक्क सिद्ध करायचा म्हणून त्यांत वंशावळी जोडलेल्या असतात. त्या वाचताना त्या हक्काच्या भांडणात दिलेल्या आहेत हे विसरू नये. ज्या भावाला हिस्सा द्यायचा नव्हता, तो वंशावळीतून गळतो. गावाने एखाद्या घराविरुद्ध दिलेली कैफियत त्या घराच्या स्वतःच्या कैफियतीपेक्षा अनेकदा जास्त खरी निघते. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, आणि त्या निमित्ताने झालेल्या चौकशीत महार वतनदारांची घरे नावानिशी आली आहेत. ज्या समाजाला इतर कागदांत जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी हा फार महत्त्वाचा धागा आहे.

गोव्यातून आलेल्या घरांनी कुलदैवतावरून मूळ गाव ओळखावे, पण सोळाव्या शतकात सासष्टी, बारदेश, तिसवाडीतली अनेक दैवते फोंड्याकडे हलली हे ध्यानात घ्यावे. देव आज जेथे आहे ते मूळ गाव नसून तो जेथून हलवला गेला ते गाव शोधायचे असते. मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचे गिरमिटाचे (करारबद्ध मजुरीचे) दप्तर मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि त्यात बापाचे नाव, गाव, जिल्हा, जहाज अशा नोंदी आहेत. ‘जहाजावर गेला तो आलाच नाही’ असा भाऊ घरात असेल तर तेथे लिहून पाहावे.

हाच तो कशावरून?

आपल्याकडे नातवाला आज्याचे नाव ठेवतात. त्यामुळे ‘रामजी बिन तुकाराम’ आणि ‘तुकाराम बिन रामजी’ आलटून पालटून येत राहतात आणि साठ वर्षांच्या अंतराने तेच नाव, तोच बाप, तेच गाव पुन्हा भेटते. नुसत्या नाव-बाप-गाव या तीन गोष्टी जुळल्यावर माणूस एकच ठरवू नये. बायकोचे नाव, भावाचे नाव किंवा शेताचे नाव यांपैकी किमान एक जादा गोष्ट जुळली पाहिजे. सर्व्हे नंबर बदलतो, पण ‘आंब्याचं’, ‘पाणवठ्याचं’, ‘पटकीचा माळ’ अशी शेतांची नावे तीन-चार पिढ्या टिकतात आणि ती फेरफारात व घरात दोन्हीकडे आढळतात.

आडनावाचा पुरावा सर्वांत कच्चा धरावा. जुन्या कागदांत ते बहुधा नसतेच; पाटील, कुलकर्णी, देशमुख हे हुद्दे आडनावे झाले, आणि ‘-कर’ लावलेले नाव बहुतेक वेळा गाव सोडल्यानंतरचे असते, कारण गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण ओळखणार? दत्तक आणि घरजावई हेही दोन नेहमीचे चकवे आहेत. वंशावळीत बाप आणि मुलगा यांच्या वयात बारा वर्षांचे अंतर दिसले, किंवा मुलगा एका गावच्या कागदात आणि बाप दुसऱ्याच गावच्या कागदात दिसला, तर आधी दत्तविधानाचा कागद शोधावा.

दोन पुरावे स्वतंत्र आहेत का, हेही पाहिले पाहिजे. छापील कुलवृत्तान्तातली माहिती आपल्याच चुलतआजोबांनी पत्राने कळवलेली असेल तर ती घरातल्या आख्यायिकेचा दुजोरा होत नाही. फेरफार आणि नामावळ मात्र दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या कारणांसाठी लिहिलेली असतात. त्यांच्यात भागीरथीचे नाव दोन्हीकडे आले तर त्या जुळणीला वजन आहे.

वंशावळ लिहिताना प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले ते लिहावे: गाव, नोंदवही, क्रमांक, साल, आणि मूळ पाहिले की नक्कल. कागदाने सिद्ध झालेले नाते सलग रेघेने, अनुमानाचे तुटक रेघेने आणि केवळ ऐकीव असलेले प्रश्नचिन्हाने दाखवावे. ज्या गावी शोधूनही काही सापडले नाही त्याचीही नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्याला तीच वही पुन्हा उपसावी लागणार नाही. एक प्रत, स्कॅनसह, सुतक धरणाऱ्या त्या दुसऱ्या घराकडेही पाठवावी. त्यांच्याकडून येणाऱ्या दुरुस्त्यांसाठी उजवीकडे रुंद समास सोडलेला असला की बरे पडते.